लाटांच्या काठची वस्ती : वाइकीकीचा इतिहास

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत परदेशातील एका वस्तीचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या पृष्ठांवर बहुधा आपल्याच कुळांचे, बंदरांचे व देवस्थानांचे वृत्तान्त येतात, आणि ते तसे यावेत हे योग्यच होय. तथापि आपली बहुतेक घराणी मूळची समुद्रकाठची. जगाच्या पाठीवरील दुसऱ्या एका समुद्रकाठच्या लोकांनी काय राखले व काय गमावले, हे पाहिले असता स्वतःकडे पाहण्यास एक निराळा आरसा मिळतो. एवढ्याच हेतूने पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरील वाइकीकी या वस्तीचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

वाइकीकी म्हटले की आज उंच उंच हॉटेले, पांढरी वाळू आणि लाटांवर फळ्या घेऊन खेळणारे देशोदेशीचे प्रवासी डोळ्यांपुढे येतात. सर्फिंग या नावाने जगभर पसरलेल्या खेळाची ही पंढरीच मानली जाते. या वस्तीविषयी एक कथा प्रवाशांना फार दिवस सांगण्यात आली. ती अशी की, मूळ हवाई लोक हा खेळ विसरून गेले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेरून आलेल्या गोऱ्या गृहस्थांनी तो पुन्हा जिवंत केला. ही कथा खरी नाही. विद्या मेली नव्हती. तिच्या पायाखालची भूमी मात्र गेली. हे कसे घडले, तेच या लेखात पाहावयाचे आहे.

गोड्या पाण्याची जागा

ओआहू या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, होनोलुलू शहराच्या पूर्वेस वाइकीकी वसले आहे. हवाई भाषेत ‘वाई’ म्हणजे गोडे पाणी, आणि वाइकीकी म्हणजे उसळणाऱ्या पाण्याची जागा. मानोआ, पालोलो व माकीकी या डोंगरदऱ्यांतून उतरणारे ओढे येथील सखल भूमीत पसरत आणि मग समुद्रास मिळत. त्या पाण्यास पाट काढून तेथील लोकांनी शेकडो कुणगे तयार केले होते. त्यांत पिकत असे ‘कालो’, म्हणजे आपले अळूच. आपण अळूच्या पानांचे फतफते व वड्या करतो. ते लोक त्याचा कंद शिजवून, कुटून व पाणी घालून ‘पोई’ नावाचे मुख्य अन्न करीत. त्यांच्या पुराणकथेप्रमाणे आदिपुरुषाचे पहिले मृत मूल भूमीत पुरले असता तेथे अळूचे रोप उगवले, आणि नंतरच्या जिवंत पुत्रापासून मनुष्यवंश चालला. म्हणून अळू हा माणसाचा वडील भाऊ ठरला. अळूच्या कुणग्यांखेरीज मासळीची बांधीव तळी व माडांच्या बागा यांनीही ही वस्ती समृद्ध होती. हवाई भाषेत संपत्तीस ‘वाईवाई’ म्हणतात, ते उगाच नव्हे.

या गोड्या पाण्याचा लाटांशीही निकट संबंध होता. वाइकीकीच्या समोर समुद्रात पोवळ्याचा विस्तीर्ण, उथळ व हळूहळू उतरता खडक आहे. दक्षिण गोलार्धात वादळे होतात तेव्हा उठलेल्या लाटा हजारो मैल प्रवास करून, विशेषतः मे ते सप्टेंबर या महिन्यांत, येथे पोचतात. खडकाचा उतार सौम्य असल्यामुळे त्या एकदम कोसळत नाहीत, दूरवर संथ गतीने फुटत येतात. गोड्या पाण्यात पोवळे वाढत नाही. म्हणून ओढ्यांच्या मुखांसमोर खडकात वाटा राहिल्या. त्या वाटांनी होड्या व फळ्या बाहेर नेता येत. डोंगर, ओढा, कुणगा, खडक व लाट ही एकाच व्यवस्थेची अंगे होती. जुन्या हवाई राज्यव्यवस्थेत भूमीचे विभागही डोंगरमाथ्यापासून समुद्रातील खडकापर्यंत उभे पाडीत, यातील शहाणपण यावरून ध्यानात येईल.

राजे, रयत आणि फळ्या

परंपरेप्रमाणे माइलिकूकाही या राजाने आपले आसन वाइकीकीस आणले, आणि तेव्हापासून ओआहूच्या राजांची ती आवडती जागा झाली. लाटेवरून फळीने घसरत येण्याच्या विद्येस तेथे ‘हेए नालू’ म्हणत. हेए म्हणजे घसरणे, नालू म्हणजे लाट. फळ्या दोन मुख्य प्रकारच्या होत्या. ‘अलाया’ ही पातळ व आखूड; ‘ओलो’ ही लांब, जाड व सरदारांच्या वापराची. लाकूड कोआ वृक्षाचे, विलायती फणसाचे किंवा अतिशय हलक्या विलीविलीचे असे. फळी घासून, काळी करून वर तेलाचा हात देत. आबनर पाकी या एकोणिसाव्या शतकातील सरदाराच्या प्रचंड ओलो फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आजही जतन केलेल्या आहेत.

हा खेळ पुरुषांचाच होता असे नाही. मावी बेटाची केलेआ नावाची राजकन्या लाटांवरील कौशल्यासाठी प्रसिद्ध होती. तिला ओआहूच्या लोकांनी पळवून आणले आणि पुढे ती त्या बेटाच्या राजवंशाची माता झाली, अशी कथा आहे. मात्र जुन्या काळाचे चित्र केवळ गोडच रंगविले तर तो इतिहास होणार नाही. त्या समाजात ‘अलीई’ म्हणजे सरदार आणि ‘माकाआइनाना’ म्हणजे रयत असे कडक भेद होते. ‘कापू’ नावाचे विधिनिषेध मोडणारास देहान्त शासन होई. वाइकीकीच्या काही लाटांवरही सरदारांचा अग्रहक्क असे. समुद्र सर्वांचा असला तरी लाट सर्वांची नव्हती. जातिभेदाचा वारसा घेऊन वाढलेल्या आपल्या समाजास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१७९५ साली कामेहामेहा पहिला या राजाने आपले आरमार वाइकीकीच्या किनाऱ्यास लावून ओआहू बेट जिंकले आणि पुढे सर्व बेटांचे एक राज्य झाले. १८१९ साली, त्याच्या मृत्यूनंतर, राणी काआहुमानू व तरुण राजा यांनी स्त्रीपुरुषांनी एकत्र भोजन करून कापूची व्यवस्था मोडली. पुढच्याच वर्षी, १८२० साली, अमेरिकेतील न्यू इंग्लंडमधून मिशनरी येऊन पोचले.

ओहोटीचा काळ

यापूर्वीच एक भयंकर संकट बेटांवर आले होते. १७७८ साली कॅप्टन कुकची जहाजे आली आणि त्यांच्यामागून परदेशी रोगही आले. देवी, गोवर, क्षय इत्यादी रोगांशी झुंजण्याची शक्ती त्या लोकांच्या रक्तात नव्हती. कुकच्या वेळी बेटांची लोकसंख्या किती होती याविषयी मतभेद आहेत. अंदाज तीन लक्षांच्या आसपासचे व त्याहून पुष्कळ मोठेही आहेत. १८९० च्या शिरगणतीत मात्र शुद्ध व मिश्र मिळून हवाई लोक केवळ चाळीस हजारांच्या सुमारास उरले होते. घरोघरी प्रेते उचलण्यास माणूस मिळेना, तेथे कुणगे कोण कसणार आणि लाटांवर कोण खेळणार?

खेळ कमी झाला तो याच काळात. मिशनऱ्यांस उघड्या अंगाने स्त्रीपुरुषांनी एकत्र खेळणे व त्यावर पैजा लावणे रुचत नव्हते, हे खरे आहे. त्यांचा पुढारी हायरम बिंगम याने १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, खेळ मागे पडण्याचा दोष मिशनऱ्यांवर येतो हे नाकारून, वाढत्या उद्योगशीलतेचे, विनयाचे किंवा धर्माचे ते फळ आहे असे सुचविले. परंतु ज्या समाजाची माणसेच झपाट्याने मरत होती, त्याच्याविषयी असा निष्कर्ष काढणे निर्दयपणाचे होय. आणि तरीही खेळ नाहीसा झाला नव्हता. मार्क ट्वेन हा विनोदी लेखक १८६६ साली हवाई बेटांत गेला असता त्याने तेथील लोकांस लाटांवर खेळताना पाहिले व स्वतः प्रयत्नही केला. फळी किनाऱ्यास लागली, ट्वेन महाशय मात्र तळाशी गेले.

भूमीच्या बाबतीत निर्णायक घटना १८४८ सालची. त्या वर्षी राजा कामेहामेहा तिसरा याच्या कारकिर्दीत ‘माहेले’ म्हणजे वाटणी झाली. पूर्वी भूमी कोणाच्याही खाजगी मालकीची नव्हती. आता राजा, सरदार व सरकार यांच्यात ती वाटली गेली. १८५० च्या कायद्याने रयतेस आपण कसत असलेल्या तुकड्यांवर हक्क सांगण्याची मुभा मिळाली. पण त्यासाठी अर्ज, साक्षी व मोजणी यांची आवश्यकता होती. लेखी कागदाची सवय नसलेल्या लोकांपैकी फार थोड्यांना ते साधले. अखेर सर्व भूमीच्या एक टक्क्याहूनही कमी भाग रयतेच्या नावे लागला. त्याच वर्षी परदेशीयांनाही जमीन विकत घेण्याची परवानगी मिळाली.

फळीवरचे राजपुत्र

एवढे होऊनही वाइकीकीस राजघराण्याचा वावर टिकला. हेलुमोआच्या माडांच्या बागेत राजांचे निवास होते. राणी लिलिउओकालानीचे समुद्रकाठचे घर जेथे होते, त्यासमोरील लाटांना आजही ‘क्वीन्स’ म्हणतात. १८८५ साली कॅलिफोर्नियात शिकण्यास गेलेल्या डेव्हिड कावानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुई व जोना कूहिओ कालानिआनाओले या तीन राजबंधूंनी सांताक्रूझ येथे, तेथील रेडवूड लाकडाच्या फळ्या करून घेऊन, नदीच्या मुखाशी लाटांवर खेळून दाखविले. अमेरिकेच्या भूमीवरील सर्फिंगची पहिली नोंद ती हीच.

राजकन्या काइउलानी हिचे वाइकीकीतील निवासस्थान ‘आइनाहाउ’ म्हणून प्रसिद्ध होते. तेथे एक मोठा वड होता. त्याच्या छायेत १८८९ साली स्कॉटिश लेखक स्टीव्हन्सन तिच्याशी गोष्टी करीत बसे. तिची सात फुटांहून थोडी अधिक लांबीची अलाया फळीही बिशप संग्रहालयात आहे. जे लोक म्हणत की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ मेला होता, त्यांना ती फळीच उत्तर देते.

काइउलानी राज्याची वारस होती. पण राज्यच उरले नाही. १७ जानेवारी १८९३ रोजी साखरेच्या व व्यापाराच्या हितसंबंधांतील लोकांनी, अमेरिकन आरमाराचे सैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकालानीस पदच्युत केले. १८९८ साली बेटे अमेरिकेने आपल्यात सामील करून घेतली. दुसऱ्याच वर्षी काइउलानी वयाच्या तेविसाव्या वर्षी निवर्तली. पुढे १९९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून या कृत्याबद्दल हवाई लोकांची क्षमा मागितली. परंतु क्षमेने राज्य परत आले नाही.

क्लब आणि हुई

१९०१ साली वाइकीकीवर मोआना हॉटेल उघडले आणि प्रवाशांचे युग सुरू झाले. त्या हॉटेलच्या प्रांगणात १९०४ साली लावलेला वड आजही उभा आहे, आणि तो आपल्या भारतीय जातीचाच वड आहे. १९०७ साली प्रसिद्ध कादंबरीकार जॅक लंडन तेथे आला. जॉर्ज फ्रीथ या मिश्र हवाई वंशाच्या तरुणास लाटेवर उभा राहून येताना पाहून तो थक्क झाला, आणि त्याने लिहिलेल्या लेखामुळे अमेरिकेत या खेळाचा बोलबाला झाला. फ्रीथ त्याच वर्षी कॅलिफोर्नियास गेला. तेथे त्याने खेळ दाखविला, जीवरक्षकांस शिकविले, आणि १९०८ च्या डिसेंबरात वादळात सापडलेल्या जपानी कोळ्यांचे प्राण वाचविले. १९१९ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो वारला.

लंडनला या खेळाची गोडी लावणारा अलेक्झांडर ह्यूम फोर्ड हा खटपट्या गृहस्थ होता. त्याने १९०८ साली आउटरिगर कनू क्लब स्थापन केला. आउटरिगर म्हणजे आपल्या होडीची उलांडी. कोकणच्या वाचकास ती चित्र काढून दाखविण्याची आवश्यकता नाही. क्लबाने किनाऱ्यावर जागा भाडेपट्ट्याने घेतली. त्याचे सभासद मुख्यतः गोरे होते. मरणोन्मुख खेळ आपण वाचविला, ही समजूत पसरली ती या काळातील लिखाणांतून. लिहिणारे एका बाजूचे असले म्हणजे इतिहास कसा वळतो, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे. आयझाया वॉकर या हवाई इतिहासकाराने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीचा समाचार घेतला आहे.

वाइकीकीच्या मुलांनीही आपले मंडळ काढले. त्याचे नाव ‘हुई नालू’. हुई म्हणजे मंडळ, नालू म्हणजे लाट. मोआना हॉटेलाशेजारी ‘हाउ’ नावाच्या झाडाखाली ही मुले काही वर्षे जमत होतीच; १९११ साली मंडळाची रीतसर स्थापना झाली. इमारत नाही, निधी नाही, सभासद बहुतांशी हवाई व मिश्र वंशाचे, गरीब घरचे. पण ज्या खडकावर कोणती लाट कोणत्या भरतीस कशी फुटते हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आले होते, ते या झाडाखाली होते. त्या काळात क्लब व हुई यांच्यात होड्यांच्या व पोहण्याच्या शर्यती चुरशीने होत.

ड्यूक काहानामोकू

हुईच्या या मुलांत एक होता ड्यूक काहानामोकू. ड्यूक ही पदवी नव्हे, नाव होय. १८६९ साली एडिंबराचे ड्यूक बेटांवर आले असता त्याच्या वडिलांना ते नाव देण्यात आले होते, तेच पुढे मुलास मिळाले. १८९० साली जन्मलेला ड्यूक वाइकीकीच्या पश्चिम भागातील कालिआ येथे, आईच्या पाओआ घराण्याच्या नातलगांत वाढला. १९११ च्या ऑगस्टमध्ये होनोलुलू बंदरात झालेल्या शर्यतीत त्याने शंभर यार्ड पोहण्याचा तत्कालीन विक्रम चार सेकंदांहून अधिकाने मोडला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील अधिकाऱ्यांना हे खरेच वाटेना. घड्याळे चुकली असावीत, बंदरातील प्रवाहाचे साहाय्य झाले असावे, असे तर्क करून त्यांनी विक्रमास मान्यता नाकारली.

उत्तर त्याने पुढच्या वर्षी दिले. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक. १९२० साली अँटवर्प येथे पुन्हा तेच, आणि सांघिक शर्यतीत आणखी एक. १९२४ साली पॅरिसमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, रौप्यपदक. १९१४-१५ मध्ये ऑस्ट्रेलियास गेला असता त्याने तेथील पाइन लाकडाची फळी स्वतः तासून सिडनीजवळील फ्रेशवॉटर किनाऱ्यावर खेळ दाखविला. ती फळी तेथे आजही जपून ठेविली आहे. १९२५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या कोरोना डेल मार येथे ‘थेल्मा’ नावाची नौका लाटांत उलटली. सतरा जणांपैकी बारा वाचले. त्यांपैकी आठ जणांस एकट्या ड्यूकने आपल्या फळीवरून किनाऱ्यास आणले. पूर्वजांची क्रीडा ही केवळ करमणूक नव्हती, हे जगास त्या दिवशी कळले.

या पुरुषाचा संसार मात्र सुखाचा झाला असे म्हणता येत नाही. हौशी खेळाडूच्या नियमांमुळे पदकांवर पैसा मिळविता येत नव्हता. चित्रपटांत त्याने किरकोळ भूमिका केल्या, पेट्रोलपंप चालविले, आणि पुढे अनेक वर्षे होनोलुलूचा निर्वाचित शेरीफ म्हणून काम केले. २२ जानेवारी १९६८ रोजी तो निवर्तला व त्याची रक्षा वाइकीकीच्या समुद्रात विसर्जित करण्यात आली.

कालव्याने पाणी तोडले

ड्यूक जगभर कीर्ती मिळवीत होता त्याच वर्षांत त्याच्या वस्तीचे रूप पालटत होते. हवाई शेतकरी कमी झाल्यावर वाइकीकीच्या पाणथळ भूमीत चिनी व जपानी कुळे भात पिकवीत व बदके पाळीत. सरकारी आरोग्यखात्यास ती जागा डासांचे आगर वाटू लागली. १८९६ च्या कायद्याने अशी जमीन मालकाने स्वतःच्या खर्चाने भरून काढावी, न केल्यास सरकारने भरून खर्च त्याच्यावर बसवावा, असे ठरले होते. खर्च न झेपणाऱ्यास जमीन सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९०६ साली आरोग्यमंडळाचा अध्यक्ष ल्यूशियस पिंकम याने कालवा खणून सर्व पाणथळ भरून काढण्याची योजना मांडली. पुढे तोच गव्हर्नर झाला. १९२१ ते १९२८ या काळात वॉल्टर डिलिंगहॅमच्या कंपनीने तो कालवा खणला.

ओढे आता किनाऱ्यास न येता कालव्यातून वळविले गेले. निघालेल्या गाळाने कुणगे, तळी व बदकांची डबकी बुजविली आणि त्यावर विकाऊ भूखंड पाडले. कालव्यास नाव दिले ‘आला वाई’, म्हणजे गोड्या पाण्याचा मार्ग. ज्या गोड्या पाण्यावरून वस्तीचे नाव पडले होते ते वस्तीतून नाहीसे झाले आणि नाव कालव्यास उरले. आरोग्यासाठी खणलेल्या त्याच कालव्यात २००६ च्या मार्चमध्ये, अतिवृष्टीने सांडपाण्याची मोठी वाहिनी फुटली असता, सुमारे ४ कोटी ८० लक्ष गॅलन मैला सोडावा लागला. किनाऱ्याची वाळूही टिकेना. समुद्रात बांधलेल्या भिंतींमुळे ती वाहून जाऊ लागली व वेळोवेळी दुसरीकडून आणून टाकावी लागली. अगदी २०१२ सालीही समुद्राच्या तळाची वाळू उपसून किनाऱ्यावर पसरण्यात आली.

किनाऱ्यावरचे पोरगे

१९२७ साली हेलुमोआच्या राजबागेच्या जागी रॉयल हवाइयन हॉटेल उघडले. बोटींतून श्रीमंत प्रवासी येऊ लागले. शेत गेले, तळे गेले. हुईच्या मुलांजवळ विकण्याजोगे एकच उरले, ते म्हणजे समुद्राचे ज्ञान. ते प्रवाशांस फळीवर उभे राहण्यास शिकवीत, उलांडीच्या होड्यांतून लाटांवर नेत, सायंकाळी युकुलेले वाजवून गात, आणि बुडणारास बाहेर काढीत. जग त्यांना ‘बीच-बॉय’ म्हणजे किनाऱ्यावरचे पोरगे म्हणू लागले. ज्यांचे आजे या किनाऱ्याचे धनी होते ते साठी उलटली तरी पोरगेच राहिले, आणि त्यांचे उत्पन्न बहुतेक बक्षिशीवर अवलंबून राहिले.

तथापि त्यांना केवळ दीन समजणे हाही अन्याय होईल. खेळाच्या साधनांतील सुधारणा याच पाण्यात झाल्या. टॉम ब्लेक या बाहेरून आलेल्या तरुणाने सरदार पाकीच्या जुन्या फळ्या दुरुस्त करून त्यांवरून पोकळ व हलकी फळी काढली, आणि १९३५ साली फळीच्या तळाशी प्रथम पाते बसविले, ज्यामुळे ती वळविणे सुलभ झाले. १९२० साली जन्मलेला व २०१६ साली निवर्तलेला रॅबिट केकाई हा याच वस्तीत वाढला आणि वृद्धापकाळीही लाटांवर व शर्यतींच्या व्यवस्थेत दिसत असे. आलेल्या कोणासही शिकवावयाचे, विद्या दडवून ठेवावयाची नाही, ही या लोकांची रीत होती. त्यामुळेच ही विद्या कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया व पुढे जगभर गेली.

१९५९ साली हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले व त्याच सुमारास जेट विमाने सुरू झाली. मग हॉटेलांची उंची वाढतच गेली. आउटरिगर क्लबाची जागाही भाडेपट्ट्याचीच होती. मुदत सरताच १९६४ साली त्याला तेथून हलावे लागले व त्या जागी १९६७ साली हॉटेल उभे राहिले. हुई नालू मंडळ आजही आहे, पण ते वाइकीकीस नाही. पूर्वेकडील माउनालुआ उपसागरावर ते होड्या वल्हविते.

दगडांची साक्ष

वाइकीकीच्या किनाऱ्यावर चार मोठे पाषाण आहेत. ताहितीहून आलेल्या चार वैद्यांनी परत जाताना आपली शक्ती त्यांत ठेविली, अशी श्रद्धा आहे. ते काइउलानीचे वडील क्लेगहॉर्न यांच्या जागेत होते, आणि पाषाण हलवू नयेत असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते. तरीही १९४१ साली त्यांवर करमणुकीची इमारत उठली. १९६३ साली ती पाडली तेव्हा पाषाण पुन्हा उजेडात आले आणि आता ते सन्मानाने उभे आहेत. जवळच १९९० साली ड्यूकचा पुतळा बसविण्यात आला. त्याचे तोंड रस्त्याकडे व पाठ समुद्राकडे आहे. समुद्राचा जाणकार समुद्रास कधी पाठ दाखवीत नाही, म्हणून स्थानिक लोकांनी त्यास आक्षेप घेतला. प्रवाशांस छायाचित्र घेणे मात्र सोयीचे झाले.

ड्यूकची एक इच्छा होती की आपला खेळ ऑलिंपिकमध्ये यावा. ती पुरी होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २७ जुलै २०२१ रोजी, स्त्रियांचे पहिले सुवर्णपदक मिळविले ते होनोलुलूच्या कॅरिसा मूर या हवाई वंशाच्या युवतीने. लहानपणी वडिलांबरोबर ती प्रथम लाटेवर उभी राहिली ती वाइकीकीलाच.

आपणांस काय घेण्याजोगे

या इतिहासात एक गोष्ट विशेष मननीय आहे. रयतेचे सुटे तुकडे एकामागून एक गेले. पण राजघराण्यातील तीन स्त्रियांनी आपली भूमी विश्वस्तनिधीत बांधून ठेविली, ती पुष्कळशी राहिली. सरदार पाकीची कन्या बर्नीस पौआही हिने १८८३ च्या मृत्युपत्राने आपली इस्टेट हवाई मुलांच्या शाळांसाठी दिली. रॉयल हवाइयन हॉटेल ज्या भूमीवर उभे आहे ती आजही त्या निधीची आहे, आणि तिचे भाडे त्या शाळांस मिळते. राणी एमाची मिळकत रुग्णालयास गेली. पदच्युत राणी लिलिउओकालानी हिने १९०९ साली अनाथ मुलांसाठी निधी केला. वाइकीकीत त्याचीही जमीन आहे. जिचे सिंहासन गेले तिने जमिनीचा तुकडा सोडला नाही आणि स्वतःसाठीही ठेविला नाही.

आपल्या किनाऱ्यावरही वारे बदलले आहेत. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, आणि किनाऱ्याच्या जमिनींना भाव आला. पर्यटन वाईट असे आमचे म्हणणे नाही. आपल्या तरुणांनी होड्या चालवाव्यात, पाहुण्यांस समुद्र दाखवावा, चार पैसे मिळवावेत. यात कमीपणा मुळीच नाही. परंतु ज्या खळ्यात आज पाहुण्यांसाठी पान मांडतो ते खळे आपले आहे की दुसऱ्याचे, यावर पुढील पिढी यजमान होणार की चाकर, हे ठरणार आहे.

म्हणून ज्ञातिबंधू-भगिनींना विनंती आहे ती मोठ्या समारंभाची नव्हे. गावच्या घराचे व जमिनीचे सात-बाराचे उतारे काढून पाहावेत. भाऊबंदकीत अडकलेल्या तुकड्याचा सौदा करण्यापूर्वी घरातील सर्व हिस्सेदारांनी एकत्र बसावे. ज्यांना मूलबाळ नाही किंवा ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत त्यांनी आपली जागा शिक्षणनिधीस देता येईल काय, याचा विचार करावा. आणि गावी अजून जी वडीलधारी मंडळी आहेत त्यांच्याकडून आपल्या किनाऱ्यावरील खडकांची, खाड्यांची व वाऱ्यांची नावे विचारून वहीत उतरवून घ्यावीत. वाइकीकीच्या मुलांजवळ ती नावे होती, म्हणून जग त्यांच्याकडे शिकावयास आले.

इत्यलम्.